नागरिकांचे साहित्यदान आणि सैन्यदलातील उणिवा : मेसोपोटेमिया ते सियाचीन

प्रस्तावना

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत देशभरातील भ्रमणध्वनींवर एक संदेश फिरू लागला. सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी सरकारने एक बँक खाते उघडले असून प्रत्येक नागरिकाने त्यात यथाशक्ती रक्कम भरावी, असा त्याचा आशय होता. एप्रिलअखेरीस संरक्षण मंत्रालयाने हा संदेश दिशाभूल करणारा असल्याचा खुलासा केला. २०१६ मध्येही अशाच आशयाचा संदेश पसरला होता आणि तेव्हाही मंत्रालयाला सांगावे लागले होते की, उल्लेखिलेला निधी शस्त्रखरेदीसाठी नाही, तो युद्धात जखमी झालेल्या व कामी आलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी आहे.

शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावीही हा संदेश पोहोचला. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांनी खुलासा वाचला, खात्यात पैसे भरण्याचा विचार सोडला; परंतु मूळ इच्छा काही सोडली नाही. पैसे नकोत तर वस्तू पाठवू, असे म्हणून त्यांनी एक यादी केली : लोकरी हातमोजे, जाड पायमोजे, विजेऱ्या, पॉवर बँक, पावसाळी कोट, सुकामेवा. यादी घेऊन ते तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांकडे गेले. सुभेदारांनी चष्मा लावून यादी वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "हे कोणत्या युनिटला?"

विद्यार्थ्यांजवळ उत्तर नव्हते. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर प्रस्तुत लेखकाजवळही नव्हते. सैन्याला काही कमी पडत असेल तर नागरिकाने ते द्यावे, ही भावना आपल्याकडे इतकी स्वाभाविक मानली जाते की, ती वस्तू जाते कोठे, स्वीकारतो कोण आणि तिचे पुढे काय होते, याचा विचार फारसा होत नाही. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याचा हा प्रयत्न आहे.

उणीव कशाची?

'सैन्याजवळ साहित्य नाही' या एका वाक्यात निरनिराळ्या परिस्थिती दडलेल्या असतात. कधी ती वस्तू देशातच तयार होत नाही किंवा पुरेशी नसते. कधी ती कोठारात असते, परंतु ज्या तुकडीला हवी तिच्यापर्यंत वाट नसते. कधी वस्तू आहे, वाटही आहे, पण मागणीपत्र, निविदा, चाचणी आणि मंजुरी या साखळीत वर्षे निघून जातात. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही वेळा दृश्य एकच दिसते : थंडीत कुडकुडणारा जवान. देणगी देणारा माणूस त्या दृश्याला प्रतिसाद देत असतो, त्यामागील कारणाला नव्हे. येथेच बहुतेक देणग्यांची वाट चुकते.

हे नीट कळण्यासाठी शंभर वर्षांहून अधिक मागे जाणे उपयुक्त ठरेल. पहिल्या महायुद्धात महाराष्ट्रातील हजारो तरुण ज्या रणांगणावर गेले त्या मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकचे, उदाहरण यासंदर्भात फार बोलके आहे.

समुद्रापर्यंत पोहोचलेले दान

नोव्हेंबर १९१४ मध्ये मेसोपोटेमियात उतरलेली सहावी डिव्हिजन ही पुण्याची डिव्हिजन म्हणून ओळखली जात असे. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली, सैन्य मागे हटले आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकले. अन्न संपल्यावर शरणागती पत्करावी लागली.

या मोहिमेत वैद्यकीय व्यवस्था पूर्णतः कोलमडली. टेसिफॉनच्या जखमींना टायग्रिस नदीतून सपाट बार्जेसवर घालून बसऱ्यापर्यंत आणण्यात आले. बार्जेसवर पुरेशी छाया नव्हती, परिचारक नव्हते, कित्येकांच्या जखमांवर दिवसेंदिवस मलमपट्टी झाली नाही. लंडनमध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

याच काळात भारतात युद्धासाठी दान देणाऱ्यांची वाण मुळीच नव्हती. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी इतर संस्थानिकांच्या साहाय्याने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचे सुमारे ६,००० टनांचे प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय-जहाज केले आणि त्यास 'लॉयल्टी' असे नाव दिले. मुंबई इलाख्यात युद्धसाहाय्य निधी उभा राहिला. त्याच्या महिला शाखेने कपडे, पट्ट्या आणि जखमींच्या उपयोगाच्या वस्तूंची व्यवस्था केली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची नुकतीच उभी राहत असलेली इमारत लष्करी रुग्णालयासाठी देण्यात आली. या देणग्यांमागील राजनिष्ठेचे राजकारण आज आपणास रुचणार नाही, परंतु त्यांचे मोल नाकारता येत नाही.

तरीही टेसिफॉनचा जखमी शिपाई उघड्या बार्जवरच राहिला, कारण उणीव समुद्रात चालणाऱ्या जहाजाची नव्हती. उथळ, वळणावळणाच्या टायग्रिसमध्ये चालू शकतील अशा कमी खोलीच्या बोटींची होती. महासागरी जहाज कुतपर्यंत जाणे शक्यच नव्हते. शिवाय नदीतील बोटी किती लागतील याचा हिशेब मोहिमेची आखणी करणाऱ्यांनी सैन्य पुढे ढकलण्यापूर्वी केलेला नव्हता. दान समुद्रापर्यंत पोहोचले. अडचण नदीत होती.

दुसऱ्या महायुद्धात देणगीचा प्रकारच बदलला. ब्रिटनमध्ये ५,००० पौंड ही एका स्पिटफायर विमानाची 'किंमत' म्हणून जाहीर करण्यात आली. विमानाचा प्रत्यक्ष खर्च याहून पुष्कळ अधिक होता, पण रक्कम लक्षात राहण्यासारखी होती. भारतातूनही मोठ्या रकमा गेल्या. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचे आणि १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मुंबई शहराचे नाव देण्यात आले. पैसा सरकारी तिजोरीत गेला, नाव विमानदलाला मिळाले. साहित्य ठरवण्याचा अधिकार मात्र देणगीदाराकडे कधीच आला नाही, आणि ते योग्यच होते.

१९६२ : सोने, लोकर आणि सांगधर

स्वतंत्र भारताच्या स्मरणात साहित्यदानाचा सर्वात मोठा प्रसंग म्हणजे १९६२ चे चीनबरोबरचे युद्ध होय. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, नामका चू नदीकाठी असलेल्या सातव्या इन्फन्ट्री ब्रिगेडवर चिनी सैन्याने हल्ला केला. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी पुढे युद्धकैदी झाले. त्यांनी नंतर लिहिलेल्या 'हिमालयन ब्लंडर' या ग्रंथात आपल्या जवानांच्या स्थितीचे सविस्तर वर्णन आहे. सुती गणवेश, पुरेशी पांघरुणे नाहीत, जवळ मोजक्याच फैरी, हाती .३०३ जातीच्या जुन्या रायफली, अशा अवस्थेत ही माणसे उभी होती.

बातम्या जसजशा मैदानी मुलखात पोहोचल्या तसतसा देश हलला. राष्ट्रीय संरक्षण निधी स्थापन झाला. स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, शाळांमधून स्वेटर विणले गेले, रक्तदानाच्या रांगा लागल्या. यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस जाऊन संरक्षणमंत्री झाले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावला, हे वाक्य घरोघर झाले. प्रस्तुत लेखकाच्या आजीनेही तेव्हा एक स्वेटर विणला होता. खानदेशच्या उन्हात वाढलेल्या त्या बाईला लोकर विणता येत नव्हती. शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून ती शिकली. स्वेटर कोणाच्या अंगावर गेला, हे तिला अखेरपर्यंत कळले नाही. आपला मुलूख कापसाचा. पाडळसे-अमळनेरपासून धुळ्यापर्यंत कापूस पिकतो, अमळनेर व धुळे येथे सूतगिरण्या चालल्या, आणि लोकर म्हणजे धनगरांची घोंगडी एवढाच परिचय. त्या माणसांनी हिमालयासाठी लोकर विणावी यातील भाव लहान लेखता येत नाही.

पण नामका चूची उणीव नेमकी काय होती? त्या ब्रिगेडला रस्ता नव्हता. सामान विमानातून सांगधर या सुमारे साडेचौदा हजार फूट उंचीवरील पठारी तुकड्यावर टाकले जात असे. जागा अरुंद, हवा लहरी. टाकलेल्या सामानाचा मोठा भाग दऱ्यांत जाऊन पडे. जे हाती लागे ते हमालांच्या व जवानांच्या पाठीवरून खाली न्यावे लागे. म्हणजे ब्रिगेडसाठी शिरपुरात विणलेला स्वेटर पुण्या-दिल्लीस वेळेत पोहोचला असता तरी सांगधरच्या दरीत जाण्याची शक्यताच अधिक होती. सैन्याला तेथे पाठवण्याचा निर्णय आधी झाला आणि तेथे त्यांना पोसण्याची तजवीज मागाहून सुरू झाली. टायग्रिसवर जे घडले तेच, नदीऐवजी पर्वतावर.

शिवाय काळाचा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. अवघा एक महिना. लोकांच्या देणग्यांचा ओघ जेव्हा भरात होता तेव्हा युद्ध संपलेले होते. जमा झालेले साहित्य व धन पुढील काळातील सैन्याच्या उपयोगास आले, नामका चूवरील माणसांच्या नव्हे.

दिले की उसने दिले?

या ठिकाणी एका गैरसमजाचा उल्लेख करावासा वाटतो. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९६५ च्या युद्धानंतर ५,००० किलो सोने देशाला दान दिले, ही गोष्ट मराठवाड्यात व खानदेशात आजही सांगितली जाते. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरावरून २०१८ मध्ये उघड झाले की, निजामांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेत साडेसहा टक्के व्याजाने गुंतवले होते. हे दान नव्हते, कर्ज होते. १९६२ च्या नोव्हेंबरात सरकारने काढलेले सुवर्णरोखेही असेच पंधरा वर्षांच्या मुदतीचे, व्याज देणारे होते. यात कमीपणा काहीच नाही. संकटकाळी सरकारला उसने सोने देणे हीदेखील मदतच होय. मात्र विनामूल्य आणि सव्याज या दोन गोष्टी लोकस्मृतीत सहज एक होतात, आणि ज्या बाईने आपली पाटली खरोखरच परत न मिळण्यासाठी दिली, तिचे दान संस्थानिकाच्या गुंतवणुकीच्या सावलीत जाते.

१९६२ च्या सोन्याची आणखी एक बाजू आपल्या भागाने भोगली आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. जळगावचा सराफ बाजार ज्या शुद्ध सोन्यासाठी ओळखला जातो त्या धंद्यावर अवलंबून असलेल्या कारागिरांचे काम एका रात्रीत थांबले. या क्षेत्रातील कायद्याची बंधने पूर्णपणे दूर होण्यास १९९० साल उजाडावे लागले. सोनाराने दिलेली ही किंमत कोणत्याही देणगीच्या वहीत नोंदलेली नाही.

सियाचीन : एका गरजेला एक वस्तू

आता अगदी अलीकडील, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वात शिकण्यासारखे उदाहरण पाहू. पुण्याच्या शिक्षिका सुमेधा चिथडे आणि हवाई दलातून निवृत्त झालेले त्यांचे पती योगेश चिथडे यांनी सियाचीन भागातील जवानांसाठी प्राणवायू निर्माण करणारे संयंत्र उभारण्याचा संकल्प केला. सुमेधाताईंनी आपले दागिने विकून सुमारे सव्वा लाख रुपये उभे केले आणि तेथून लोकवर्गणीस आरंभ झाला. एक कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे हे संयंत्र २०१९ मध्ये कार्यान्वित झाले.

हे दान का यशस्वी झाले, याचा विचार भावनेपलीकडे जाऊन केला पाहिजे. सियाचीनवर एप्रिल १९८४ पासून भारतीय सैन्य आहे. सुमारे अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. अशा उंचीवर फुफ्फुसांत पाणी साठण्याचा विकार जडतो व तत्काळ प्राणवायू न मिळाल्यास काही तासांत माणूस दगावू शकतो. सिलिंडर खालून वर न्यावे लागतात, रिकामे परत आणावे लागतात. बर्फवृष्टीत हेलिकॉप्टर उडाले नाही तर साखळी तुटते. प्राणवायू त्याच परिसरात तयार झाला तर ही वाहतूकच कमी होते. अशी संयंत्रे सामान्यतः हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या थरातून सोडतात. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवते आणि सुमारे नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. कच्चा माल म्हणजे हवा. लागते ती वीज आणि देखभाल.

म्हणजे चिथडे दांपत्याने निवडलेली वस्तू 'न पोहोचणे' या दुखण्यावरचीच होती. त्यांनी सियाचीनला प्राणवायू पाठवला नाही, प्राणवायू पाठवण्याची गरज कमी केली. टायग्रिस आणि सांगधर येथे जे साधले नाही ते येथे साधले. दुसरे असे की, गरज नेमकी होती, जागा नेमकी होती आणि यंत्र ताब्यात घेऊन चालवणारी वैद्यकीय यंत्रणा सैन्याकडे आधीच होती. हा शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे हे २०२१ च्या कोविड लाटेनंतर आपण सर्वांनी पाहिले. त्या वर्षी देशभर रुग्णालयांतून प्राणवायूची अशीच संयंत्रे उभारण्यात आली, अनेक ठिकाणी देणगीतून. पुढे कित्येक ठिकाणी ती प्रशिक्षित तंत्रज्ञाअभावी किंवा सुट्या भागांअभावी बंद पडून राहिली. यंत्र देणे एका दिवसाचे काम असते, चालवणे दहा वर्षांचे.

सैन्यातील हिशेबाची पद्धत याच दृष्टीने समजून घ्यावी. तेथे सरकारी पैशाचा व साहित्याचा हिशेब वेगळा आणि पलटणीच्या स्वतःच्या निधीचा, म्हणजे रेजिमेंटल फंडाचा, हिशेब वेगळा ठेवला जातो. सरकारी साहित्याची तपासणी, दुरुस्ती, निर्लेखन आणि बदली यांची ठरलेली व्यवस्था असते; तिचा खर्च अर्थसंकल्पातून होतो. पलटणीच्या निधीतील वस्तूची काळजी पलटणीलाच घ्यावी लागते. देणगीदाराने दिलेली वस्तू कोणत्या वहीत चढली, यावर ती पाच वर्षांनी चालू असेल की कोपऱ्यात धूळ खात असेल, हे बव्हंशी ठरते. सुभेदारांच्या 'कोणत्या युनिटला?' या प्रश्नाचा गाभा हाच असावा असे आता वाटते.

आकड्यांपुढे वर्गणी

वर्गणीची मर्यादा समजण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. गोळीरोधक जाकिटांची सैन्यातील तूट अनेक वर्षे चर्चेत होती. २००९ मध्ये गरज मान्य झाली, चाचण्यांत पुरवठादार नापास होत गेले, २०१६ मध्ये तात्पुरती सोय म्हणून ५०,००० जाकिटांची खरेदी झाली आणि अखेर एप्रिल २०१८ मध्ये १,८६,१३८ जाकिटांसाठी ६३९ कोटी रुपयांचा करार झाला. भागाकार केल्यास एका जाकिटाचा खर्च सुमारे ३४,००० रुपये येतो. एखाद्या महाविद्यालयाने मोठ्या कष्टाने लाखभर रुपये जमवले तर दोन जाकिटे होतील, तिसरे नाही. आणि ही तूट पैशांअभावी पडलेली नव्हती. ती चाचणी आणि निर्णय यांच्या दिरंगाईची होती. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने गोळीरोधक जाकिटांसाठी स्वतंत्र मानक तयार केले, हे विशेष.

बाजारातून आणलेले जाकीट गोळी खरोखर अडवते की नाही, हे देणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. २००३ नंतर इराकमध्ये गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या बाबतीत हेच घडले. जगातील सर्वात श्रीमंत सैन्यातील जवानांसाठी त्यांचे आईबाप, पत्नी पदरमोड करून चिलखते विकत घेऊन पाठवू लागले. संसदेने ऑक्टोबर २००४ मध्ये त्या खर्चाची प्रत्येक वस्तूमागे ११०० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचा कायदा केला. परंतु मार्च २००६ मध्ये तेथील लष्कराने स्वतः न पुरवलेली चिलखते वापरण्यास बंदी घातली, कारण त्यांची पुरेशी चाचणी झालेली नव्हती. आईने मुलाला पाठवलेली वस्तू काढून ठेवण्याचा हुकूम कठोर वाटतो. पण ज्या अधिकाऱ्याला त्या मुलाच्या जीविताचे उत्तर द्यावयाचे आहे त्याची बाजूही समजण्यासारखी आहे.

देणगीमुळे तूट झाकली जाते का?

यापुढील प्रश्न अधिक अवघड आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सियाचीन, लडाख अशा अतिउंच प्रदेशांतील साहित्याची स्थिती उघड केली. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात विशेष बूट मिळालेच नाहीत, म्हणून वापरलेले बूट दुरुस्त करून पुन्हा द्यावे लागले. बर्फातील चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्क्यांपर्यंत होती. अहवाल मागील वर्षांचा असून स्थिती सुधारली आहे, असे सैन्याकडून सांगण्यात आले. २०२० च्या हिवाळ्यात पूर्व लडाखमध्ये अधिक सैन्य ठेवावे लागले तेव्हा थंडीचे कपडे अमेरिकेकडून तातडीने घेण्यात आले.

आता कल्पना करावी की, त्या काळात एखाद्या देणगीदाराने एका तुकडीला दोनशे उत्तम बूट दिले असते. दोनशे पाय उबदार राहिले असते, यात शंका नाही. परंतु त्या तुकडीचे मागणीपत्र दोनशेने कमी झाले असते काय? झाले असते तर अहवालातील तुटीचा आकडा घटला असता आणि संसदेसमोरचा प्रश्न सौम्य झाला असता. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, जी वस्तू देणे शासनाचे नियमित कर्तव्य आहे ती देणगीत स्वीकारली तरी मूळ मागणी तशीच उभी राहिली पाहिजे. देणगी ही तुटीची भरपाई म्हणून नोंदली जाऊ नये. यावर काहींचा आक्षेप असा की, बर्फात उभ्या असलेल्या माणसाला हिशेबाचे तत्त्वज्ञान सांगू नये. आक्षेप मनाला लागतो. त्याला पूर्ण उत्तर प्रस्तुत लेखकाजवळ नाही. एवढेच म्हणता येते की, पुढील हिवाळ्यात त्याच जागी उभा राहणारा दुसरा माणूसही हिशेबात धरावा लागतो.

युक्रेनचा अनुभव याबाबत वेगळी वाट दाखवतो. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा तेथील सैन्य अत्यंत दुबळे होते आणि नागरिकांनी चिलखते, औषधे, दुर्बिणी पुरवण्यास आरंभ केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'कम बॅक अलाइव्ह' या संस्थेने वस्तूंबरोबर त्या चालवण्याचे शिक्षण देण्याचीही जबाबदारी घेतली. २०२२ च्या जूनमध्ये सेर्ही प्रितुला यांच्या प्रतिष्ठानाने तुर्की बनावटीच्या बायरक्तार ड्रोनसाठी तीन दिवसांत सुमारे साठ कोटी रिव्निया जमवले. निर्मात्या कंपनीने ड्रोन विनामूल्य देऊ केले, तेव्हा तो पैसा फिनलंडच्या आइसआय कंपनीच्या उपग्रह-छायाचित्रांच्या सेवेसाठी वापरण्यात आला. लोकांनी विमानासाठी दिलेला पैसा उपग्रहाला गेला आणि तो कोठे गेला हे लोकांना उघड सांगितले गेले. तथापि हा अस्तित्वाच्या लढाईतील, मोडकळीस आलेल्या व्यवस्थेतील मार्ग आहे. भारतासारख्या नियमित अर्थसंकल्प असलेल्या देशाने तो आदर्श मानावा काय, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

खानदेशातील दुसरे उत्तर

१९६२ च्या उणिवेला खानदेशने दिलेले एक उत्तर सहसा देणग्यांच्या चर्चेत येत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्रात संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि १९६४ मध्ये भुसावळजवळ वरणगाव येथे लहान शस्त्रांची काडतुसे बनवणारा आयुधनिर्माण कारखाना सुरू झाला. भुसावळचा आयुधनिर्माण कारखाना १९४९ पासून होताच. नामका चूवर माणशी मोजक्या फैरी होत्या. त्यानंतर दोनच वर्षांत तापीकाठी काडतुसे तयार करण्याची व्यवस्था उभी राहिली. २०२१ मध्ये आयुधनिर्माण मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. वरणगाव आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आणि भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडकडे आहे. जवानांच्या कपड्यांचे कारखाने ज्या कंपनीकडे गेले तिचे नाव ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड असे आहे. 'कम्फर्ट्स' हा शब्द पहिल्या महायुद्धात घरून पाठवल्या जाणाऱ्या मोज्या-मफलरांसाठी वापरला जाई. शंभर वर्षांत तो दानाच्या पेटीतून कारखान्याच्या पाटीवर आला.

आमच्या विद्यार्थ्यांनी जमवलेले पैसे अखेर सशस्त्र सेना ध्वजदिन निधीसाठी बाजूला काढले. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला साजऱ्या होणाऱ्या या दिवसाचा निधी माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी असतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत तो गोळा केला जातो. काही विद्यार्थी यावर समाधानी नव्हते. त्यांना जवानाच्या हातात काहीतरी जाताना पाहावयाचे होते आणि ती इच्छा समजण्यासारखी आहे.

वस्तूंची ती यादी सुभेदारांनी परत पाठवली. तिच्यावर पेन्सिलीने खुणा आहेत. हातमोज्यांपुढे 'ट्रिगरवर बोट जाते का पाहा', विजेऱ्यांपुढे 'सेल कोणते, तेथे मिळतात का', पावसाळी कोटापुढे 'रंग?' आणि पॉवर बँकपुढे 'चार्ज कोठे करणार?' असे लिहिले आहे. सुकामेव्यापुढे मात्र त्यांनी काहीही लिहिलेले नाही.